विखाऱ्या

भीमा आमच्या अकोले तालुक्यातल्या रानात वनमजूर होता. काम शेकरं राखायचं. झुपकेदार शेपटीच्या त्या मोठ्या तांबूस खारीसाठी त्र्याहत्तर साली नवा कायदा लागू झाला. मारलं तर तुरुंग. भीमाला काठी आणि खाकी सदरा मिळाला. मी त्या गावचा मास्तर. "काय रे, शेकरांचा फौजदार!" म्हणून त्याला चिडवायचो. तो हसून म्हणायचा, "शेकराला सरकार हाय, मास्तर. माझ्या विखाऱ्याला कोन हाय?"

विखाऱ्या म्हणजे झऱ्यावरचा बेडूक. सोनेरी पाठ, काळ्या कुशी. त्याला शिवलं की हात सडतो असं अख्खं गाव मानायचं, म्हणून त्याच्या वाटेला कोणी जात नसे. भीमाची आई सांगून गेली होती, विखाऱ्या ओरडतोय तोवर झरा जिता. दुष्काळात बाकीचे गेले, एकच उरला. भीमा रोज संध्याकाळी त्याचा आवाज ऐकून यायचा, मगच भाकरीला हात लावायचा.

मृग कोरडा चालला तेव्हा गावातल्या लंकाबाईनं पावसासाठी धोंडी काढायचं ठरवलं. निंबाचा पाला नेसायचा, मुसळाला बेडूक बांधायचा आणि दारोदार पाणी मागत फिरायचं. पण बेडूक होता कुठे? बायका शोधत झऱ्यावर आल्या आणि विखाऱ्याला बघून थबकल्या. भीमा आडवा झाला. "हात सडंल, बायांनो! ऱ्हाऊ द्या त्याला."

मीही तिथं होतो, आणि मला दुर्बुद्धी सुचली. अडाणी समजूत दिसली की आम्हा शिकलेल्यांना राहवत नाही. मी तो उचलून तळहातावर घेतला. "बघा, झालं का काही?" त्याच्या गळ्याची धडधड माझ्या बोटांना लागत होती.

लंकाबाईनं तो माझ्या हातूनच घेतला. तिसऱ्या दाराशी बेडूक मेला. आठव्या दिवशी पाऊस आला आणि गावानं लंकाबाईला डोक्यावर घेतलं.

झरा वाहू लागला. भीमा तिथं नुसता बसून राही, पुढं मीही जाऊ लागलो. पाणी वाजायचं, बाकी काही नाही. मला मात्र खडू धरताना, घास घेताना तळहातात ती धडधड लागायची. अजून लागते.

वर्षअखेर वनखात्याचे साहेब येऊन शेकरं मोजून गेले. अकरा भरली, भीमाला शाबासकी मिळाली. जीप दिसेनाशी झाल्यावर तो माझ्याकडे वळला.

"लोक भीत हुते तवर तो जगला, मास्तर. त्याचं विख तुमी काढलं."

त्या दिवशी हात सडला असता तर बरं झालं असतं.