नव्या पिक्चरचा शेवट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. शेजारच्या हातमागावर बसणाऱ्या शंकरला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं होतं ते त्यालाच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आंधळगावचे नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाजलेला सुपरहिरोचा पिक्चर दहा-बारा वर्षांत पुन्हा बनवू नये, हे माझं मत आहे आणि ते पक्कं आहे. जुना चेहरा लोकांच्या डोळ्यांसमोरून अजून हललेला नसतो, तोच मुखवटा तुम्ही दुसऱ्याच्या तोंडावर चढवता — कशासाठी? चहाच्या टपरीवर हा मुद्दा मी मांडला की समोरच्याला पटतोच. मुद्दा बरोबर आहे. तो मी का मांडत होतो, ते वेगळं.

आम्ही कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतो. मागावर बसलं की हातपाय गुंतलेले, कान मोकळे. म्हणून आमच्यात एक रीत होती — कापड पोचवायला जो नागपूरला जाईल, त्याने पिक्चर बघायचा आणि परत आल्यावर मागावर सगळ्यांना सांगायचा. गाण्यांसकट, मारामारीसकट. आणि पिक्चर सांगावा तर मीच, हे माझे वैरीही कबूल करतील. मी शेवटाशी आलो की सगळ्यांचे धोटे आपोआप थांबायचे. एवढं कोणाला जमतं?

तो सुपरहिरोचा पिक्चर मीच बघून आलो होतो. आडगावचा पोरगा, अंगात अचानक शक्ती येते, शहरावर संकट, वगैरे. शेवटी तो आईच्या पाया पडतो आणि घर सोडून कायमचा शहरात जातो. आई दारात उभी असते, रडत नाही. थेटरात मी रडलो. असा शेवट आहे तो.

मी तसा सांगितला नाही.

त्याच दिवसांत शंकरला पुण्याहून बोलावणं आलं होतं. मावसभाऊ कंपनीत चिकटवून देणार होता, बायको आणि लहानगी पोरगी यांना घेऊन ये म्हणत होता. म्हाताऱ्या आईला सोडून जावं की नाही, हे शंकरचं ठरत नव्हतं. आणि मी? मला कोणी बोलावलं नव्हतं. शेजारचा माग रिकामा पडेल, मी एकटा राहीन, आणि दिवाळीला हा नवे बूट घालून गावात येईल — हे मला बघवणार नव्हतं. हेवा म्हणतात तो हाच.

तर मी शेवटाशी आलो. धोटे थांबले. शंकर माझ्या तोंडाकडे बघत होता — आणि मी सुपरहिरोला घरी परत आणला. मुखवटा त्याने नदीत फेकला, असं सांगितलं. आईला म्हणाला, माझी खरी गरज इथंच आहे. हे वाक्य माझं. चांगलं जमलं होतं, आजही म्हणतो. शंकरने बाहीने डोळे पुसले.

तो पुण्याला गेला नाही.

एका पिक्चरवरून कोणी आयुष्य ठरवतं का? असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. पण तो स्वतःच सांगतो — निघालोच होतो, तुझा पिक्चर ऐकला आणि राहिलो. कौतुकाने सांगतो. पुढे तो पिक्चर टीव्हीवर लागायला लागला, तरी शंकर बघायचा नाही. तुझ्या तोंडून ऐकला तो पुरे, म्हणायचा.

मग दहा-बारा वर्षांनी तोच पिक्चर नव्याने बनून आला. माणसं नवी, गोष्ट जुनीच, शेवटही तोच, असं मी मोबाइलवर वाचलं. माझं मत पक्कं झालं ते त्या दिवशी. शंकरची पोरगी आता नागपूरला कॉलेजात आहे, तिने बापाला थेटरात न्यायचं ठरवलं. मी शंकरला टपरीवर गाठून समजावलं की डोक्यात जुना आहे, तो कशाला खराब करून घेतोस. त्याला पटलं. पण पोरीपुढे त्याचं चाललं नाही.

परत आल्यावर तो मागावर बसला आणि बराच वेळ धोटा नुसता हातात धरून राहिला. आता सगळं बाहेर येणार, हे मी धरूनच चाललो होतो.

"तू म्हणत होता तेच खरं आहे गा," तो म्हणाला. "नव्यानं बनवून वाट लावली. यात तो मायले सोडून चालला जाते. आपल्या पिक्चरमधी तर घरी येते ना?"

तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि वाक्यं मला कधी कमी पडत नाहीत.

"म्हणून तर म्हणत होतो," मी म्हटलं.

आता टपरीवर माझा मुद्दा शंकरच मांडतो. गाजलेला पिक्चर इतक्यात पुन्हा बनवू नये, शेवट बिघडवतात, असं सांगतो. माझ्याच शब्दांत सांगतो, आणि मी शेजारी बसून मान हलवतो.

नव्या पिक्चरवाल्यांनी शेवट बिघडवला नाही. तो मी बिघडवला, शंकरला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. तो गेला नाही. मी हे लिहितोय तेव्हा पलीकडे त्याचा माग चालू आहे.