उत्तरेकडची लाली

त्या मे महिन्यात आमची कंपनी पूर्व लडाखमधल्या एका पोस्टवर होती. मी सिग्नलचा नायब सुभेदार, गाव वसईतलं उमेळे. माझ्या हाताखाली विरारचा नायक संदेश होता. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला आणि भरती झाला. पोस्टवर आम्हाला ‘बॉम्बे पार्टी’ म्हणत. वसई म्हणजे मुंबई नव्हे, हे सांगून मी थकलो होतो.

रोजचं काम साधं. बॅटऱ्या गरम ठेवायच्या, अँटेनावरचा बर्फ झाडायचा, ठरल्या वेळी रिपोर्ट द्यायचा. त्या दिवशी एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, डोंगरधारेपलीकडे गेली होती. दुपारपासून एचएफ सेटवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओवर, नुसती खरखर. फ्रिक्वेन्सी बदलून पाहिल्या. उपयोग झाला नाही.

अंधार पडल्यावर सेंट्रीने उत्तरेला आग दिसत असल्याचं कळवलं. आम्ही बाहेर आलो. क्षितिजावर लाल पट्टा होता. धूर नाही, आवाज नाही. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी ‘स्टँड टू’ दिला. सगळे रायफली घेऊन खंदकांत उतरले.

संदेश म्हणाला, “सर, ही आग नाही. अरोरा आहे. सूर्यावर वादळ झालं की तिथले कण येऊन वरच्या हवेवर आदळतात. मग हवाच उजळते.”

“लालच का?” मी विचारलं.

“तो ऑक्सिजन, सर. खूप उंचावर हवा विरळ असते. तिथे ऑक्सिजनचा अणू सावकाश लाल प्रकाश सोडतो. खाली गर्दी असते, लाल सोडायच्या आत दुसऱ्याचा धक्का लागतो. म्हणून खाली ऑक्सिजन हिरवा दिसतो. नायट्रोजन निळा, गुलाबी. हे सगळं आपल्यापासून लांब उत्तरेला चाललंय. खालचे रंग क्षितिजाआड राहिले, वरची कड तेवढी दिसतेय.”

“आणि रेडिओ?”

“त्याच वादळाने गेलाय. एचएफ ज्या थरावरून परत येतं, तो थर विस्कटलाय. व्हीएचएफ सरळ जातं. धारेवर सेट नेला तर पेट्रोल मिळेल.”

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर आहे, सर,” मी म्हणालो.

“जाओ.”

संदेश आणि एक लान्स नायक सेट घेऊन चढले. बऱ्याच वेळाने सेटवर संदेशचा आवाज आला.

“पेट्रोल मिळाली. एक जवान सीरियस. फुफ्फुसात पाणी. ऑक्सिजन पाठवा. ओव्हर.”

“रॉजर. मेडिकल पार्टी निघतेय. तू धारेवरच थांब. ओव्हर.”

पार्टी पोचेपर्यंत तो तिकडचे निरोप इकडे देत राहिला. जवान वाचला. उजाडताना दोघे उतरायला लागले, तेव्हा संदेशच्या पायाखालचे सुटे दगड सरकले आणि तो खाली कोसळला. लान्स नायक मागे होता, तो वाचला. आम्ही पोचलो तेव्हा संदेश गेलेला होता.

त्याला घेऊन मीच विरारला आलो. निवृत्त झाल्यावर पुन्हा गेलो. वडिलांनी चहा होऊ दिला, मग विचारलं.

“सुभेदारसाहेब, त्या रात्री आभाळ लाल झालं होतं म्हणे. आमच्या कोकणात म्हणतात, असं आभाळ माणूस घेऊन जातं.”

“काका, तो ऑक्सिजन होता,” मी म्हणालो, आणि संदेशने सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“हे त्याला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“त्यानेच आम्हाला सांगितलं, काकू. नाहीतर आम्ही रात्रभर रायफली रोखून बसलो असतो, आणि धारेपलीकडचा जवान गेला असता.”

वडिलांनी चष्मा काढून पुसला. “कॉलेजात असताना हे मला सांगायला यायचा,” ते म्हणाले. “मी पेपर वाचत बसायचो.”

वाचलेला जवान हिमाचलचा. दरवर्षी मे महिन्यात विरारला फोन करतो. काकूंना हिंदी धड बोलता येत नाही, त्याला मराठी कळत नाही. जेवण झालं का, एवढं दोघं विचारतात. पण फोन लगेच ठेवत नाहीत.