न लावलेली कडी

परदेशात येऊन त्याने सभासमारंभांना स्पीकर लावायचं काम धरलं, तेव्हा आई म्हणाली होती, "घरी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि चाललाय दुनियेचा आवाज वाढवायला."

यंदा त्याला युद्धात मेलेल्यांच्या स्मरणसभेचं काम मिळालं, हे कळताच तिचा सूर बदलला. पणजोबा त्याच युद्धात, त्याच मुलखात गेले होते. ना देह परत आला, ना निरोप. बाहेरून आले की ते दारात दोनदा खाकरत, आणि पणजी आतून "या, दार उघडंच आहे" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नसत. पणजीने मरेपर्यंत रात्री कडी लावू दिली नाही. पुढे आजीने तोच नेम चालवला, मग आईने.

"आता घरात मी एकटी," आई फोनवर म्हणाली. "उघड्या दाराने डोळ्याला डोळा लागत नाही रे. तूच बोलाव त्यांना. कुणी या म्हटल्याशिवाय ते यायचे नाहीत."

"बरं, माईकवरून बोलावतो," तो हसला.

सभेत सगळे मौनाला उभे राहिले. त्याने व्यासपीठाचा माईक स्पीकरवरून तोडला. आता तो फक्त त्याच्या हेडफोनमध्ये ऐकू येत होता. व्यासपीठ रिकामं होतं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

हेडफोनमध्ये कुणीतरी खाकरलं. थोडं थांबून पुन्हा एकदा.

आवाज मोजणाऱ्या मीटरवरची हिरवी रेघही दोनदा उठली, म्हणजे भास नव्हता. मग नुसती शांतता. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाची असते तशी. लहानपणापासून ऐकलेलं उत्तर त्याच्या तोंडून आपसूक निघालं.

"या, दार उघडंच आहे."

स्वतःच्या समोरचा माईक बंद करायला तो विसरला होता. शब्द मैदानभर घुमले. माना वळल्या. सभेनंतर साहेबाने त्याची बिनपाण्याने केली.

संध्याकाळी घरी पोचला, तर बायको दारातच उभी.

"मघाशी बाहेर खाकरत काय होतास, म्हाताऱ्यासारखा? ये म्हटलं, दार उघडलं, तर गायब."

"मी आत्ताच येतोय."

बाहेर सगळं कोरडं ठणठणीत होतं. उंबऱ्यापासून आतल्या खोलीपर्यंत मात्र ओल्या चिखलाची पावलं उमटली होती. परतीची नव्हती.

त्याने तिथूनच फोन लावला. "आई, आज कडी लाव."

"बोलावलंस?"

"हो. ते इकडे आलेत."

मग फोनमधून गंजलेल्या कडीची करकर ऐकू आली. स्वतःच्या दाराला कडी लावायला मात्र त्याचा हात होईना.