चौथा बोल्ट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अमडापूरला माझा थोरला भाऊ आहे, त्याच्यापासून मी आजवर काही चोरून ठेवलं नाही—त्यालाही नाही. देवापुढे बसलो की भलतंच काहीतरी मागतो आणि उठतो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

माझा धंदा आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चिखलीतल्या एका एजन्सीत मी सत्तावीस वर्षं आहे. प्रयोगशाळांमध्ये बायोसेफ्टी कॅबिनेट बसवायची आणि सांभाळायची, हे आमचं मुख्य काम. लोखंडी कपाटाएवढी पेटी असते, समोर काच, काचेखाली हात घालण्यापुरती फट. आत क्षयरोग्यांची थुंकी तपासतात. बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते, म्हणून जंतू काम करणाऱ्याच्या तोंडावर येत नाहीत, आणि वरच्या फिल्टरमधून गाळून हवा खोलीत परत सोडली जाते. हा फिल्टर चार बोल्टांनी चौकटीत आवळलेला असतो. एक जरी ढिला राहिला, तर कडेने न गाळलेली हवा खोलीत येते. दिसत नाही, वास येत नाही. पेटी आपली गुरगुरत चालू असते आणि समोरची बाई निर्धास्त असते.

अनीसला हे सगळं मी शिकवलं. चिखलीचाच पोरगा, बाप कुलपं-स्टोव्ह दुरुस्त करायचा. हातात कसब उपजतच. बोल्ट आवळला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा—म्हणजे कुठला झाला, कुठला राहिला ते नजरेला कळतं—ही सवयही माझीच. पहिली बाटली मी बायकोच्या कपाटातून उचलली होती. पोरगा मला भाऊ म्हणायचा. जेवताना डबा आधी माझ्यापुढे सरकवायचा.

मग माझ्या पोटात दुखायला कधी लागलं? तारीख नाही सांगता येत, पण प्रसंग आठवतो. एका डॉक्टरसाहेबांपुढे मी पेटीच्या फटीशी उदबत्ती धरून दाखवत होतो—बघा साहेब, धूर कसा आत जातो. वर्षानुवर्षं तसंच करत आलो होतो. अनीस हळूच म्हणाला, "भाऊ, उदबत्तीचा धूर गरम राह्यते, तो तं आपल्या मनानंच उठते. हवा त्याले नेते का तो सोता जाते, हे कसं समजंन?" अगदी आदबीने म्हणाला. डॉक्टरसाहेब हसले आणि त्याच्याकडे वळले. उरलेला वेळ ते त्याच्याशीच बोलत होते.

त्याचं बरोबर होतं. चुकला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

त्यानंतर फोन यायचे—अनीसभाईलेच पाठवा. घाटावर तेच, घाटाखाली तेच. मालकही आधी त्याला विचारायचे, मग मला. मी हसून म्हणायचो, चेला कोणाचा आहे? लोकांना वाटायचं केवढं मोठं मन. आणि मी रात्री जेवताना बायकोला सांगायचो की अनीसचा शर्ट आज कसा मळला होता. शर्ट! पन्नाशीला टेकलेला माणूस.

तर—घाटाखालच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायला गेलो होतो. जंतू मारायचा तो मोठा कुकर. तिथली बायोसेफ्टी पेटी महिन्यापूर्वी अनीसने फिल्टर उतरवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवून, परत बसवून दिली होती. माझा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण कुकर तापायला वेळ लागतो आणि सुनंदा चहा आणायला गेली होती. ही सुनंदा तिथली टेक्निशियन. माहेर सोनाळ्याचं, सासर वडनेर भोलजीचं, पदरात दोन वर्षांचा मुलगा. सकाळपासून दुपारपर्यंत त्या पेटीसमोर बसायची ती एकटी.

मी का उठलो ते तुम्ही ओळखलं असेल. काळजीपोटी नाही. अनीसच्या कामात खोट सापडते का ते बघायला उठलो. याआधीही तीन-चार ठिकाणी मी असं गुपचूप बघितलं होतं आणि दरवेळी हात हलवत परत आलो होतो. या वेळी स्टुलावर चढलो, वरचं झाकण काढलं. तीन बोल्टांवर लाल ठिपके होते. मागच्या उजव्या कोपऱ्यातला चौथा कोरा होता.

बोटाने हलवला तर फिरला. खात्रीसाठी आत थोडा धूर सोडला आणि पिशवीतल्या कण मोजायच्या यंत्राची नळी कडेने फिरवली. त्या कोपऱ्यावर यंत्रातला आकडा एकदम उसळला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला मुलीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. सापडला! शेवटी सापडला. पाना माझ्या खिशातच होता. एक मिनिटाचं काम. आवळून अनीसला फोन केला असता, चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. पाना बाहेर काढलाही होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी झाकण लावलं आणि खाली उतरलो.

सुनंदाने मला पेटीपाशी पाहिलं. कप पुढे करत म्हणाली, "त्याच्यात काय पाहून राह्यले भाऊ? अनीसभाऊनं लावलं नं, मंग पाहाचं कामच नाही. चहा घ्या."

मी सांगणारच होतो. खरंच सांगणार होतो—की आता मला तसं वाटतं? कोण जाणे. पण ते वाक्य ऐकलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. महिनाअखेर बाहेरून तपासणीचे लोक येणार आहेत, हे मला माहीत होतं. म्हटलं, येऊ देत. मी आत्ता सांगितलं तर अनीस धावत येईल, हात जोडेल, आवळून देईल आणि लोक म्हणतील, बघा किती तत्पर. तपासणीत निघू दे. चारचौघांत निघू दे. पंधरा दिवसांत काय आकाश कोसळतंय?

चहा छान झालाय म्हणालो. पाना पिशवीत टाकला.

तपासणी पुढे ढकलली गेली. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन महिने झाले. फोन खिशात होता. नंबर पाठ होता. रोज सकाळी आंघोळ करताना वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर विचारतील—इतके दिवस काय करत होता? पहिल्या दिवशी हेवा होता. नंतर हेवा होताच, वर भीतीही आली. जेवढं लांबत गेलं तेवढं तोंड उघडणं अवघड झालं. आणि रोज सकाळी सुनंदा त्या पेटीसमोर बसत होती. हे मला दिसत नव्हतं असं नाही.

अखेर तपासणी झाली. वरच्या फिल्टरला गळती आहे, म्हणून त्यांनी पेटी बंद केली. मालकांनी मला पाठवलं. अनीसवर भरवसा उरला नव्हता. आणि मी काय केलं माहीत आहे? कोपरा मला ठाऊक असताना अर्धा तास गळती शोधण्याचं नाटक केलं. डावीकडून सुरुवात केली. मान हलवली, कपाळ पुसलं. मग हळूच चौथ्या बोल्टवर बोट ठेवलं. सगळ्यांपुढे मालकांनी पाठ थोपटली—जुनं ते सोनं म्हणाले. ते मला गोड लागलं. अजून आठवतं किती गोड लागलं ते.

अनीसने वाद घातला नाही. पेटी हलवली त्या दिवशी वीज गेली होती, अंधारात एक बोल्ट राहून गेला. शेवटची तपासणी त्याने दुसऱ्या दिवसावर टाकली आणि त्याच रात्री त्याच्या अब्बांना झटका आला. पुढचे आठ दिवस तो अकोल्याच्या दवाखान्यात होता. हे त्याने मालकांना सांगितलंच नाही. मला सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. नोकरी सोडली. आता कूलर-फ्रिज दुरुस्त करतो.

दोन महिन्यांनी सुनंदाचा खोकला क्षयाचा निघाला. डॉक्टर म्हणाले, प्रयोगशाळेतल्या माणसाला तो कुठूनही होऊ शकतो—खिडकीशी खोकणाऱ्या रोग्याकडून, एसटीतून, शेजारघरातून. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. मी ते स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्याला काही चव उरली नाही. तिला माहेरी पाठवलं. मुलगा सासरी ठेवून घेतला. दोन महिने तिने त्याला फक्त फोनवर पाहिलं.

अनीस माझ्याकडे आला. "भाऊ, सोनाळ्याले जाऊन माफी मागतो म्हन्तो. एकट्याची हिंमत होऊन नाही राह्यली. तुमी चाला संगं." त्याने दुसऱ्या कोणाला विचारायचं? मीच त्याचा मोठा भाऊ.

त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. सुनंदा ओसरीवर बसली होती, तोंडाला ओढणी, मनगटं काडीसारखी. अनीस उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला आणि सगळं सांगितलं—वीज, उद्यावर टाकलेलं काम, विसरलेला बोल्ट. अब्बांचं नाव त्याने तिथेही घेतलं नाही.

सुनंदा म्हणाली, "चूक होते भाऊ मानसाच्या हातून. तुमाले मालूम असतं तं तुमी ठेवलं असतं का तसं?"

अनीस रडला. तिच्या आईने त्याला पाणी दिलं. मग आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तुम्ही शोधून काढलं म्हणून बरं, नाहीतर माझी पोर अजून तिथंच बसली असती.

मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

आणि ऐका—त्या क्षणीसुद्धा मला लाज नंतर वाटली. आधी हेवा वाटला. समोर उभा राहून त्याने आपली चूक सांगितली होती, त्याला माफी मिळाली होती, आणि तो मोकळेपणाने रडत होता. तेही त्याला माझ्याआधी जमलं होतं. मला तिथे बोलता आलं असतं. तिचा प्रश्न हवेतच होता, उत्तर फक्त माझ्याकडे होतं. चहा आला. मी बशीत ओतला आणि प्यालो.