चव्वेचाळीस मजल्यांच्या तळाशी

कोलकात्याजवळच्या आमच्या बराकपूरच्या गल्लीत कोणी विचारलं, "तुमची सून काय करते?" की मी आधी पदर सावरते आणि मग सांगते, "न्यूटाउनला चव्वेचाळीस मजल्यांचा टॉवर होतोय ना, तो उभा करते." आणि मग विचारणारीच्या चेहऱ्याकडे बघत राहते. हे म्हणतात, "सुधा, फार फुशारकी मारतेस तू." मारते! यांच्या सरकारी नोकरीतल्या बदल्यांमागे जन्मभर ट्रंका भरल्या आणि उपसल्या. फुशारकी मारावी असं आत्ता कुठे काही हाती लागलंय, ते काय कपाटात ठेवू?

सून म्हणजे मृणाल, कराडची. मागच्या हिवाळ्यात आमच्या मंदारशी लग्न होऊन इकडे आली. सिव्हिल इंजिनिअर. मंदार सॉल्ट लेकच्या एअरकंडिशन्ड ऑफिसात बसतो, आणि ही सकाळी बूट चढवून लोकलने निघते ती संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत येते. पहिल्या महिन्यात शेजारच्या बोसबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं ठीक चाललंय ना? सुनेला असं उन्हात काम का करावं लागतं?" मी म्हटलं, "लागत नाही हो, आवडतं!" तेव्हापासून त्या मला थोड्या टरकूनच असतात.

एकदा मी तिला विचारलं, "मुंबईत एवढे टॉवर झाले, दुबईत झाले, मग कोलकात्यालाच इतका उशीर का गं?" ती म्हणाली, "आई, मुंबईत थोडं खणलं की काळा दगड लागतो. इथे नुसता गंगेचा गाळ. कितीही खणा, मऊच." म्हणून आधी काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवायचे आणि त्यांच्या डोक्यावर सबंध इमारतीखाली एकच जाड लादी ओतायची. तिला राफ्ट म्हणतात. ती एका दमात ओतावी लागते. मध्ये थांबलात की आधीचं सुकतं, नवीन त्याला धरत नाही, आणि त्या फटीतून जन्मभर पाणी पाझरत राहतं.

साइटची मुख्य म्हणून हे तिचं पहिलंच काम. मुंबईच्या हेड ऑफिसातल्या अविनाशसाहेबांनी तिला आधीच बजावलं होतं, "राफ्ट बिनसलं तर तुम्ही कोलकात्यात एस्प्लनेडच्या ऑफिसात खुर्चीवर बसा, साइटवर मी दुसरा माणूस पाठवतो." जळ्ळं मेलं ते ऑफिस! ही पोरगी खुर्चीत आठ दिवससुद्धा टिकायची नाही, हे मला ठाऊक होतं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कढीभात आणि उरलेले मोदक वाढत होते. मृणाल खुशीत होती. म्हणाली, "आई, राफ्टची तारीख ठरली. सोळाला सकाळी सुरू, सतराला रात्री संपेल. आणि दसऱ्याला साइटवर यंत्रांची पूजा करायची, झेंडूचे हार घालून."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "अगं, सतरा सप्टेंबर? त्या दिवशी विश्वकर्मा पूजा!"

"म्हणजे?"

"म्हणजे आपला दसरा इकडे सतरालाच असतो! रिक्षावाल्यापासून कारखान्यापर्यंत कोणी हत्यार उचलत नाही. यंत्रं बंद, हार घालायचे, मटण खायचं, पतंग उडवायचे."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. सुट्ट्यांची यादी मुंबईहून आलेली, त्यात विश्वकर्मा कुठून असणार? आणि सप्टेंबर तिने इथे पाहिलेलाच नव्हता. अठरा वर्षं इथे राहिलेली सासू घरात, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा. मी चांगली झापली तिला. मग ती रडायच्या बेतात दिसली तेव्हा आणखी एक मोदक वाढला.

तिने तिथेच अविनाशसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "दुप्पट मजुरी द्या, यंत्रं चालू ठेवा." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मृणाल म्हणाली, "सर, मनाविरुद्ध थांबवलेला एखादा काँक्रीट-पंपवाला मधेच निघून गेला तर राफ्ट गेलंच." मग पुढे ढकला, म्हणाले. पुढे कुठे ढकलणार? बंगालच्या उपसागरात पाऊस घोंगावत होता, मऊ मातीतला खड्डा उघडा, आणि मागोमाग दुर्गापूजा. माणसं गावाला गेली की लक्ष्मीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या कोजागरीपर्यंत, परत येत नाहीत. राहिला एकच मार्ग, राफ्ट आधीच ओतायचं. पण काँक्रीटच्या पोटात राहणारी सळयांची जाळी तर अजून बरीच बांधायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साइटवरच्या सगळ्या कामगारांना एकत्र बोलावलं. तिचं बंगाली म्हणजे आनंदच. तरी म्हणाली, "भूल आमार. माझी चूक झाली. मला तुमचा सण माहीत नव्हता. तुमची पूजा बुडणार नाही. पण जाळी चौदाला बांधून होईल का?" मुकादम निमाईदा केस पिकलेला माणूस. तो म्हणाला, "दीदी, तारीख चुकवणारे साहेब पुष्कळ पाहिले. चुकली म्हणणारं कोणी पाहिलं नव्हतं. होईल." आणि झाली की! मुर्शिदाबादचे, मालद्याचे, सुंदरबनचे, सगळे मान मोडून राबले.

पंधराला सकाळी काँक्रीट सुरू झालं. सोळाला दुपारी मी थालीपिठांचा डबा घेऊन पोचले. मंदार म्हणत होता, "आई, तुला आत सोडणार नाहीत." मला? गेटवरच्या माणसाला सांगितलं, मी दीदीची शाशुडी, म्हणजे सासू. सलाम ठोकला त्याने. काठावरून खाली पाहिलं. केवढा तो खड्डा! मिक्सरच्या गाड्यांची रांग, दोन पंपांचे लांब हात, आणि खाली करड्या चिखलात माझी सून, एवढीशी.

तेवढ्यात एक पंप घरघरला आणि बंद पडला. त्या कोपऱ्यातलं काँक्रीट आता सुकू लागणार, हे मलासुद्धा कळलं. मी देवाचं नाव घेतलं. हिने देवालाही थांबायला सांगितलं असावं. हात वर करून एकच आरोळी ठोकली, आणि मागे उभा असलेला तिसरा पंप पुढे सरकला. 'हा कशाला उगाच?' असं अविनाशसाहेबांनी ज्याच्याबद्दल विचारलं होतं, तोच. कोपरा सुकायच्या आत त्यावर ताजं काँक्रीट पडलं. मी एवढ्या जोरात "शाब्बास!" ओरडले की गाडीवाल्याने दचकून ब्रेक मारला.

दिवेलागणीला राफ्ट संपलं. एकसंध. कुठे सांधा नाही.

सतराला आम्ही सगळेच साइटवरच्या पूजेला गेलो. आकाश पतंगांनी भरलं होतं. विश्वकर्म्याच्या मूर्तीपुढे थाप्या, ओळंबे, पाने-पकडी, पंपाची चावी, सगळं हारीने मांडलेलं. निमाईदा म्हणाला, "दीदी, तुमचं हत्यार?" मृणाल गोंधळली. हातात काहीच नव्हतं. त्याने तिच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून घेतलं, चिखल न पुसताच थाप्यांच्या मधोमध ठेवलं आणि त्याला कुंकू लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

इतक्यात तिचा फोन वाजला. अविनाशसाहेब. तिने स्पीकर लावला, कारण बाजूला ढाक बडवत होते.

"राफ्टचे फोटो पाहिले. आता वरच्या चव्वेचाळीस मजल्यांचं वेळापत्रक तुम्हीच करा. आजच पाठवा."

तुम्हीच! मी मंदारचा दंड एवढा आवळला की तो कळवळला. मला वाटलं, पोरगी आता धावत जाऊन लॅपटॉप उघडणार.

ती मूर्तीपुढच्या हेल्मेटकडे बघत म्हणाली, "उद्या पाठवते, सर. आज आम्ही हत्यार उचलत नाही."