आईचा दसऱ्याचा बार

काल खंडेनवमीला इथे आखातात, नजमा वस्तीतल्या आमच्या खोलीत नट आवळायचे पाने, ड्रिल आणि गाडीच्या चाव्या मांडून पूजा केली. झेंडूत मिसळलेला तेलाचा वास नाकात गेला आणि मी थेट कोकणातल्या आमच्या अंगणात पोचलो.

पाटावर आजोबांची जुनी दुनळी बंदूक होती, रानडुकरांसाठी घेतलेली. परवाना आईच्या नावावर. दसऱ्याला वेशीवर एक बार काढायचा मान आमच्या घराचा. त्या वर्षी तो बार काका काढणार होता, आणि त्यासाठी त्याने आपल्या नव्या बंदुकीची लांब, जोरकस काडतुसं आणली. "वहिनी, बघा, या जुनीतही कशी अलगद बसतात!"

आईने त्याच्याकडचं तसलंच एक उडवलेलं, रिकामं काडतूस मागून घेतलं आणि नळीत सरकवलं. ते पुरतं आत जाईना. "भावजी, उडताना याचं दुमडलेलं तोंड उघडतं आणि ते लांब होतं. आत तेवढी जागा नाही. जुनी नळी फुटेल."

"मग तुम्हीच तुमच्या त्या आखूड, हलक्या काडतुसाचा फुसका बार ऐकवा गावाला!"

मलाही लाज वाटली. वेशीवर आईने पदर खोचला, आपलं आखूड काडतूस भरलं, नळी आभाळाकडे धरली, आणि बार असा दणाणला की समोरच्या डोंगराने तो परत पाठवला. गाव ओरडलं. आई शांतपणे म्हणाली, "फुसका होता ना, भावजी?"

तेव्हा मला वाटलं, आई आवाजाने जिंकली. काल व्हिडिओ कॉलवर ही गोष्ट निघाली तेव्हा म्हातारा काका खो खो हसला आणि त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. दहाही बोटं शाबूत.