ब्लू हाऊसचे दोन गुण

माझं घर शाळेच्या गेटपासून चार मिनिटांवर होतं, आणि आपण कधीच लेट होत नाही याचा मला केवढा अभिमान होता. पहिली घंटा ऐकू आली की मी चपला घालायचे आणि प्रार्थनेला पहिल्या रांगेत हजर. दहावीत मला ब्लू हाऊसची कॅप्टन केलं ते बहुधा याच गुणावर. माझ्याहून हुशार दोघीतिघी होत्या, पण त्या पार जुळे सोलापूर भागातून सायकल मारत यायच्या आणि अधूनमधून गेटवर अडकायच्या.

मुलींची शाळा, चार रंगांची चार हाऊस. पाचवीत आल्या आल्या चिठ्ठी उचलायची, निघेल तो रंग दहावीपर्यंत. वर्षभर कशाकशाचे गुण मिळायचे: खो-खोचे, वक्तृत्वाचे, वर्ग झाडण्याचे, अगदी रांग सरळ ठेवण्याचेसुद्धा. शेवटी ज्या हाऊसचे गुण जास्त त्याला फिरती ढाल, आणि त्याच्या कॅप्टनचं नाव ऑफिसबाहेरच्या लाकडी पाटीवर पांढऱ्या रंगात. त्या पाटीवर माझ्या चुलतबहिणीचं नाव होतं. आमच्या घरात ते मला जेवताना वाढलं जायचं.

गुण मिळायचे तसे कापलेही जायचे. अकराला प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. नंतर येणाऱ्या मुलींना बाहेर रांगेत उभं करून प्रत्येक हाऊसची कॅप्टन त्यांची नावं लिहून घ्यायची. एक लेट, दोन गुण कमी. गैरहजर राहिलं तर मात्र काही कापत नसत. गैरहजर म्हणजे आजारी, आणि आजारी पोरीला शिक्षा कशी करायची, असा साधा विचार असणार. नियम करणाऱ्यांना त्यात भोक दिसलं नाही. मला दिसलं.

आमच्या हाऊसमध्ये नववीत एक मुलगी होती. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर फाट्यावरून आत गेलं की तिची वस्ती. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू ज्वारी. गावातली शाळा आठवीला संपली, तेव्हा हिनं रडून-भेकून सोलापूरला यायची परवानगी मिळवली होती. एसटीने यायची. पळायला तिच्यासारखी शाळेत कुणी नव्हती, खो-खोत तर ती हातालाच लागत नसे. पण आठवड्यातून दोनदा तरी ती गेटबाहेरच्या रांगेत दिसायचीच.

"मी काय करू ताई," ती म्हणायची. "नऊच्या आधीच फाट्यावर हुबी असते. यष्टी भरून आली की थांबतच न्हाय."

मी तिचं नाव लिहायचे आणि शनिवारी सगळ्या शाळेसमोर आमचे गुण कापलेले ऐकायचे. रेड हाऊसच्या मुली हसायच्या. तिचा मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर एसटीचा कधीच आला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी मी तिला गेटवरून बाजूला घेतलं आणि माझी युक्ती सांगितली. लेट होणार असं दिसलं की यायचंच नाही. गैरहजेरीचे गुण जात नाहीत.

तिनं थोडा विचार केला. "मंजी हाऊसचं नुकसान न्हाय व्हनार?"

"अजिबात नाही."

"बरं ताई," ती म्हणाली. तिला ते पटलंच होतं असं नाही. कॅप्टनने सांगितलं, एवढं तिला पुरेसं होतं.

त्या आठवड्यापासून ब्लू हाऊसची लेटची यादी कोरी राहू लागली. आमच्या हाऊसच्या बाई, ज्या नववीच्या वर्गशिक्षिकाही होत्या, त्यांनी प्रार्थनेनंतर मला पुढे बोलावून माझं कौतुक केलं. शिस्त कशी लावावी हे हिच्याकडून शिका म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मी त्या टाळ्या अगदी मान खाली घालून, विनयाने घेतल्या. तो विनय आठवला की आजही मला माझीच कानउघाडणी करावीशी वाटते.

जानेवारीत माळशिरसहून मावशी यायची होती. तिला आणायला मी मधल्या सुट्टीत परवानगी घेऊन एसटी स्टँडवर गेले. मावशीची गाडी आली नव्हती. फलाटांच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर गणवेशातली एक मुलगी मांडीवर वही ठेवून गणितं सोडवत होती. तीच होती. शेजारी उघडा डबा, त्यात अर्धी भाकरी. छातीवरचा हाऊसचा निळा बिल्ला तिनं काढून कंपासपेटीत ठेवला होता.

"इथं काय करतेस?"

ती चटकन उभी राहिली. "आज गाडी साडेअकराला आली ताई. तुमी म्हनला व्हता न्हवं, लेट झालं तर येऊ नको म्हनून."

"अगं, पण मग घरी जायचं ना."

"घरी काय सांगू? अशी मधीच परत आली तर आबा म्हनतील, बास झाली शाळा. मी साडेपाचच्या गाडीनं जाते रोजच्यासारखी."

मी बिल्ल्याबद्दल विचारलं. "हितं बसलेलं कुनी बघितलं तर हाऊसचं नाव खराब व्हईल की," ती म्हणाली.

मला तेव्हा काही कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सगळं कळलं. मी लहान होते असंही म्हणता येत नाही, कारण ती माझ्याहूनही एका वर्षाने लहान होती आणि तिनं घरी काय होईल ते मला स्वच्छ सांगितलं होतं. तिला हाताला धरून शाळेत न्यायचं आणि बाईंना सांगायचं, बाई, हिला मी सांगितलं होतं, एवढंच काम होतं. पण ढालीला तीन आठवडे राहिले होते. मी म्हणाले, "थोडे दिवस कळ काढ. ढाल मिळाली की मी स्वतः बाईंना सगळं सांगते." आणि जाता जाता वर म्हणाले, "पण खो-खोच्या फायनलला वेळेवर ये हं."

ती आली. आदल्या रात्री शहरातल्या कुणा पाहुण्यांकडे मुक्काम करून, सगळ्यांच्या आधी गेटवर हजर. फायनल तिनंच जिंकून दिली. आम्ही तिला उचलून मैदानात एक फेरी मारली. खाली उतरल्यावर तिनं आधी बिल्ला सरळ आहे का ते बघितलं.

पुढच्याच सोमवारी तिचे वडील शाळेत आले. हजेरी इतकी कमी भरली होती की वार्षिक परीक्षेला बसू द्यायचं की नाही असा प्रश्न होता, म्हणून बाईंनी निरोप धाडला होता. मी हाऊसची वही द्यायला ऑफिसात गेले तेव्हा ते टोपी हातात घेऊन उभे होते, ती त्यांच्या मागे. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. बाईंनी हजेरीपट त्यांच्यापुढे धरला होता.

"आवो बाई, पोरगी रोज डबा घिऊन भायेर पडती," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघतो मी. यष्टीत बसती. मग हितं येत न्हाय तर जाती कुटं?"

चौदा-पंधरा वर्षांची पोरगी, रोज घरातून निघते आणि शाळेत पोचत नाही. या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, आणि ते तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात येऊन गेलेलं मला दिसत होतं. बाईंनी तिला विचारलं, रागावून विचारलं, मायेनं विचारलं. ती खाली बघत राहिली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं तर मी सापडेन, म्हणून पाहत नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या समजत होतं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू कॅप्टन ना हिची? तुला काही माहीत आहे?"

"नाही बाई," मी म्हणाले.

आवाज कापलासुद्धा नाही. वही टेबलावर ठेवून मी वर्गात गेले आणि भूगोलाचे नकाशे रंगवत बसले. त्या दिवशी वडील तिला घेऊन गेले ते कायमचेच. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं.

ढाल आम्हालाच मिळाली. रेड हाऊसपेक्षा आमचे त्रेचाळीस गुण जास्त होते. घरी पेढे आणले, चुलतबहिणीचा फोन आला. मी खोलीत जाऊन त्या मुलीचे स्टँडवरच्या भेटीपासूनचे सगळे लेट धरून पाहिले, अगदी रोजचे धरले तरी आम्ही पहिले येत होतो. त्या भेटीनंतर तिला एक दिवसही त्या बाकावर बसायची गरज नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बाईंनाही नाही. त्या निवृत्त झाल्या, रस्त्यात भेटल्या की अजून मला माझी कॅप्टन म्हणतात.

मी आता पुण्यात नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात घरी आले होते आणि परतीच्या गाडीसाठी त्याच स्टँडवर उभी होते. कुणीतरी मागून "ताई" म्हणालं. हातात पिशवी, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, पाठीला दप्तर. मी ओळखायच्या आधी तिनंच ओळख दिली. मुलीला म्हणाली, "ह्या आमच्या कॅप्टन. पाया पड." ती पोर वाकली आणि मला मागं सरायलाही सुचलं नाही.

या भेटीची तयारी मी कित्येक वर्षं केली होती. त्या दिवशी ऑफिसात मी बोलायला हवं होतं, इथपासून सुरुवात करायची असं ठरलेलं होतं. मी तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, "ताई, एक इचारायचं राहूनच गेलं बघा. त्या साली ढाल आपल्याला गावली का?"

एवढ्या वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "आपल्यालाच."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "किती गुनांनी?"

त्रेचाळीस हा आकडा माझ्या तोंडात होता. तो सांगितला असता तर निदान एवढं तरी मी तिला खरं सांगितलं असतं.

"दोनच," मी म्हणाले.

तिनं मुलीचं दप्तर सरळ केलं. "दोन मंजी माझा एक दिवस," ती म्हणाली. "बरं झालं बगा ताई, मी आले न्हाय ते."